बसून जेवायची अट

देव एखाद्याला घडवताना त्याच्या पायात जरा जास्तच वारा भरतो, आणि मग वरून बघत बसतो गालातल्या गालात, काय काय गंमत होते ती. या बंबवाल्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. अग्निशमन केंद्रात त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे म्हणत ‘सुसाट’. घंटा वाजली की बाकीचे पायांत बूट शोधत असताना हा बंबावर चढून शिरस्त्राणाचा पट्टा आवळत असायचा. बंबाचा ड्रायव्हर म्हणायचा, “आग लागली हे आधी याला कळतं, मग घंटेला, आणि आगीला सगळ्यात शेवटी.”

आज मात्र सुसाट घरात होता, चक्क रजेवर होता, आणि कमरेला फडकं बांधून ओट्यापुढे उभा होता. पोटात आनंदाचा नुसता मृदंग घुमत होता. घडीघडीला तो खिडकीशी जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा, पुडक्यातली सॉसेजं मोजल्यासारखी करायचा आणि न मोजताच ठेवायचा. कारण आज संध्याकाळी ती जेवायला येणार होती. आणि तिच्याबरोबर तिचे सासरे.

ती म्हणजे केंद्रातल्या सगळ्यांचे कोट शिवणारी बाई. जळलेल्या बाह्या, फाटलेले खिसे, उसवलेले खांदे, सगळं तिच्याकडे जायचं. सगळे तिला शिवणताई म्हणत. एकटा सुसाट काहीच म्हणत नसे. ताई म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि दुसरं काही म्हणायची अजून छाती होत नव्हती, म्हणून गेलं वर्षभर तो नुसत्या ‘अहो’वर भागवत होता. त्या वर्षात त्याच्या एकट्याच्या कोटाची इतकी बटणं तुटली की केंद्रातले मोठे दादा एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबा रे, आगीत बटणं वितळतात हे मी बघितलंय. पण तुझी चहा पिताना कशी काय तुटतात?”

तिचा नवरा मोठ्या ट्रकवर होता. लांबलांबचा माल न्यायचा. येतो म्हणायचा, पण कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून घरात त्याचं ताट रोज वाढून झाकून ठेवलेलं असायचं. एके रात्री ताट झाकलेलंच राहिलं आणि तो आलाच नाही. वाटेतल्या घाटात सगळं संपलं. त्यानंतर ती माहेरी गेली नाही, सासऱ्यांपाशीच राहिली. आणि सासऱ्यांनी ‘सूनबाई’ म्हणायचं सोडून तिला ‘पोरी’ म्हणायला सुरुवात केली. या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली.

सुसाटने दादांकरवी म्हाताऱ्यांकडे मागणं घातलं. म्हातारे तिला म्हणाले, “माणूस चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण पुन्हा एकदा झाकलेल्या ताटापुढे बसायचं माझं वय राहिलं नाही, आणि तुला बसवायचं पाप मला नको. जेवायला बोलवू दे आपल्याला. त्याच्या हातचं खातो. पण पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत त्याने आमच्याबरोबर बसायचं. मधे उठायचं नाही. एवढं जमलं तर पुढचं बोलू, नाही जमलं तर ज्याची त्याची बटणं ज्याने त्याने शिवावीत.”

ही अट ऐकून केंद्रात जल्लोष झाला. बसून जेवायचं, एवढंच? अरे, हे तर लहान मूल करेल! सुसाटला दिवसभराची रजा मिळाली. सगळ्यांनी शपथा खाल्ल्या, अख्खं शहर पेटलं तरी तुला फोन करणार नाही.

सुसाटला स्वयंपाकातला एकच पदार्थ येत होता, पण तो असा येत होता की डोळे बांधले तरी करेल. सॉसेज आणि पास्ता. केंद्रात ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांचं रांधायचं, आणि रांधताना घंटा वाजली की आहे तिथे सोडून धावायचं. अंडी ठेवून गेलात तर करपतात, मांस भाजत ठेवलंत तर चामडं होतं. पण सॉसेज-टोमॅटोचा रस्सा मोठा सोशिक. कितीदाही उतरवा, कितीदाही चढवा, तो तोंड वाकडं करत नाही.

त्याने सॉसेजची साल सुरीच्या टोकाने चिरली, आतला खिमा बोटांनी चिमटून छोटे छोटे गोळे केले आणि कढईत सोडले. चर्र आवाज झाला, चरबी सुटली, गोळे कडेने तांबूस व्हायला लागले. ते ढवळायचे नाहीत, हे दादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. “सारखं ढोसू नकोस त्याला. एका अंगावर झोपू दे, मग कुशीवर वळव.” गोळे बाजूला काढून त्याच चरबीत कांदा, मग ठेचलेला लसूण, मग चिमूटभर लाल तिखट. लसणाचा वास घरभर पसरला तसा सुसाट एकटाच मोठ्याने म्हणाला, “वा!” टोमॅटो पडले, उकळी फुटली, गोळे परत रस्श्यात गेले. कीर्तनकाराने पूर्वरंग आटोपून, उपरणं सावरून आख्यानाला हात घालावा तसा त्याने मग मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.

आणि तिथे अडला. त्याने फोन उचलला.

“दादा, पाण्यात मीठ किती?”

“किती जणांना?”

“तिघांना.”

तिघांना रांधायचं असतं ही कल्पना दादांनाही नवीनच होती.

“मला अख्ख्या केंद्राचं येतं हो,” सुसाट रडकुंडीला आला. “तिघांचं कसं करायचं?”

“भाग दे ना!”

“दिला. दोन सॉसेजं आणि पास्त्याच्या मूठभर नळ्या आल्या. पातेल्याच्या तळाशी दिसेनात. पाहुण्यांपुढे लाज जाईल म्हणून सगळं परत ओतलं.”

“अख्खं?”

“अख्खं.”

“मग मीठ पण अख्खं टाक, गाढवा. आणि फोन ठेव. तुला फोन करायचा नाही म्हणून आम्ही शपथा घेतल्यात, आणि तूच करतोयस!” मागून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. कोणीतरी ओरडलं, “शिवणताईंना आमचा नमस्कार सांग!” दुसरा ओरडला, “आता ताई म्हणू नका रे त्याच्यासमोर, वहिनी म्हणा!” सुसाटचे कान लाल झाले आणि त्याने फोन ठेवला.

पाणी खळखळलं. मूठ भरून मीठ पडलं, पुडक्यातल्या नळ्या पडल्या, पातेलं काठोकाठ भरलं. सुसाटने झाऱ्याने एकदा तळापासून हलवलं, एक नळी काढून दाताखाली धरली. अजून कच्ची. अगदी थोडा वेळ. सगळं कसं घडी घातल्यासारखं चाललं होतं, आणि त्याला वाटलं, आज देव माझ्याच ओट्यावर येऊन बसलाय.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सुसाट या घरात राहायला आल्यापासून त्याच्या दारावरची घंटा एकदाही वाजली नव्हती. मित्र आले तर खालूनच आरोळी ठोकत, नाहीतर दारावर गुद्दे मारत. केंद्रातल्या माणसांची तीच रीत. घंटा कशी वाजते हे घरमालकाला ठाऊक असेल, सुसाटला नव्हतं.

ती वाजली.

केंद्रातल्या घंटेची सख्खी बहीणच म्हणा ना! तोच पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा, हाडं हलवणारा, लांबच लांब ठणठणाट.

पुढे काय झालं ते सुसाटला विचारू नका, तो तिथे नव्हताच. त्याचे हात आणि पाय होते. हातांनी दोन्ही शेगड्या बंद केल्या. पायांनी दाराशी ठेवलेल्या बुटांपैकी एक चढवला. दार उघडलं. समोर कोणीतरी उभं होतं. “बाजूला व्हा! बाजूला!” त्याने आवाज दिला, भिंतीला अंग घासून निसटला आणि जिन्याचा कठडा धरून, वळणावर हात टेकून, तीन मजले असे उतरला की मधल्या मजल्यावरचं मांजर भिंतीला चिकटलं.

रस्त्यावर आल्यावर त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बंब कुठाय?

शेजारचा न्हावी दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता. तो ताडकन उठला. “कुठे लागली?”

सुसाटने तोंड उघडलं, मिटलं. कमरेला फडकं, हातात झारा, एका पायात बूट.

“कुठे नाही,” तो म्हणाला.

“मग निघालात कुठे?”

“जेवायला,” असं म्हणून सुसाट मागे वळला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की दारात उभं कोण होतं.

माणूस जिना किती हळू चढू शकतो, हे त्या दिवशी त्या जिन्याने प्रथमच पाहिलं असेल. प्रत्येक पायरीवर त्याला वाटत होतं, आपण इथेच बसावं आणि आयुष्य इथेच काढावं. मांजरसुद्धा त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत होतं.

दार सताड उघडं होतं. बुटांच्या शेजारच्या स्टुलावर म्हातारे बसले होते, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. सडपातळ, ताठ, भुवया पांढऱ्या आणि जाड. जन्मभर प्रार्थनेत सगळ्यांच्या आधी सूर धरणारा गळा तो, त्यामुळे त्यांना कधी ओरडायची गरज पडत नसे. हळू बोलले तरी भिंती ऐकायच्या. ती मागे भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. रडतेय की काय म्हणून सुसाटच्या काळजाचं पाणी झालं. मग तिने वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं खरं, पण ती हसून हसून कोलमडायच्या बेतात होती.

“या, या,” म्हातारे म्हणाले. “बसा. घर आपलंच समजा.”

“काका, मी...”

“जेवणातून उठायचं नाही अशी माझी अट होती. तू जेवायला बसायच्या आधीच उठलास. हा विक्रम आहे. जाताना माझी टोपी उडता उडता राहिली.”

“घंटा वाजली ना, काका. कधी वाजली नव्हती. म्हणजे घरात. माझे पाय...”

“तेच. तेच तर म्हणतोय मी.” म्हाताऱ्यांच्या आवाजातली थट्टा ओसरली. “तुझा दोष नाही, पोरा. तू आहेसच तसा. चल पोरी, जाऊ.”

तिचं हसू थांबलं. सुसाट झारा हातात धरून नुसता उभा राहिला.

“बाबा, तीन मजले चढून आलात,” ती म्हणाली. “पाय दुखतायत म्हणालात. थोडं टेका, मग उतरू.”

“टेकतो. पण टेकणं म्हणजे जेवणं नव्हे.” म्हाताऱ्यांनी नाकाने हवा ओढली. लसणाचा वास मोठा बेरकी असतो, तो अटी-बिटी मानत नाही. “आणि गॅस? तो पेटताच सोडून पळाला असशील! स्वतःच्याच घराला आग लावून स्वतःच विझवायला येणार. वा रे बंबवाल्या!” असं म्हणत काठी टेकत टेकत ते थेट स्वयंपाकघरात शिरले.

आत गेले ते बाहेर येईनात. ती दोघं दारात जाऊन उभी राहिली.

दोन्ही शेगड्या बंद होत्या. कढईवर झाकण होतं. कढईचा दांडा ओट्याच्या बाहेर न येता आत भिंतीकडे वळवलेला होता. सुरी, जी मघाशी कडेला होती, ती पार मागे, पातं आडवं करून ठेवलेली. खिडकीचा पडदा शेगडीपासून दूर सरकवून गाठ मारलेला. आणि पाहुण्यांसाठी ओट्यावर ठेवलेली मेणबत्ती विझवलेली, वात चिमटीने दाबून काळी केलेली.

“हे केव्हा केलंस?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

सुसाटने पाहिलं आणि तोही चकित झाला. “आत्ताच केलं असणार. जाता जाता.”

“आठवत नाही?”

“हात करतात, काका. मला नाही विचारत.”

म्हाताऱ्यांनी काठीच्या टोकाने पडद्याची गाठ हलवून पाहिली. पक्की होती. बराच वेळ ते त्या गाठीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, “अन्नाला पाठ दाखवून जाऊ नये म्हणतात. बसतो. पण अट ती अट. आता उठलास तर मीही उठलो.”

“नाही उठणार!” सुसाट इतक्या जोरात म्हणाला की ती पुन्हा हसली.

पण पातेल्याचं झाकण काढलं तर आतल्या नळ्या गरम पाण्यात बसून फुगल्या होत्या, एकमेकींना चिकटून त्यांचा गड्डा झाला होता. तिने आत डोकावून “अगंबाई!” म्हटलं. सुसाट मात्र जराही डगमगला नाही. आता तो आपल्या राज्यात होता. केंद्रात सरळ शिजलेला पास्ता त्याने जन्मात कधी खाल्ला नव्हता! त्याने झारा घातला, गड्डा सैल केला, एक मोठा डाव भरून पिठाळ पाणी बाजूला काढलं, नळ्या चाळणीत उपसून कढईतल्या रस्श्यात लोटल्या. खाली मोठा जाळ. वरून ते पाणी, थोडं थोडं, कढई हलवत. रस्सा सैल झाला, चकाकला, नळ्यांच्या पोटात शिरला. बाहेरून मऊ, आतून भरलेल्या. कढईत मावेना तसं सगळं परत पातेल्यात ओतलं, चीज किसून वरून भुरभुरलं. ते वितळून तार धरायला लागलं.

“हातात जादू आहे हो,” ती म्हणाली.

“जादू कसली, सवय,” म्हातारे म्हणाले, पण त्यांनी एव्हाना टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

सुसाटने पातेलं उचलून टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं. तीन वाट्या, तीन काटे, एक डाव. आणि स्वतः खुर्चीवर बसला. बसला म्हणजे रोवला. पाय खुर्चीच्या पायांभोवती अडकवून घेतले, उगाच पुन्हा काही दगाफटका नको.

“ताटं कुठायत?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“ताटं?” सुसाट गोंधळला. “ताटं नसतात आमच्यात.”

“नसतात म्हणजे? जनावरं आहात?”

“म्हणजे, केंद्रात ताट वाढून ठेवत नाहीत, काका. पातेलं मधे. ज्याने त्याने वाटीत घ्यायचं आणि खायचं. घंटा झाली की वाटीतलं राहिलेलं परत पातेल्यात टाकायचं, झाकण लावायचं आणि जायचं.”

“उष्टं? पातेल्यात?”

“ज्याच्या पाठीवर हात ठेवून धुरात शिरायचं, त्याचं कसलं उष्टं?”

म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, पण पुढे विचारलं, “आणि परत आल्यावर?”

“सगळे आले की पेटवायचं. थोडं पाणी घालायचं आणि खायचं. एखादा मागे राहिला असेल, कोणाला दवाखान्यात पोचवायला गेला असेल, तर तो येईपर्यंत झाकण कोणी काढत नाही. भुकेने पोटात कावळे कोकलोत. एकट्याचं ताट झाकून ठेवायचं नाही, असा आमच्यात दंडक आहे.”

“का?”

सुसाटने काट्याशी चाळा केला. “माझ्या आधीची गोष्ट आहे. एकदा एकाचं ताट झाकलेलं राहिलं. दादा तेव्हा नवीन होते. तेव्हापासून नाही.”

पातेल्यातून वाफ वर जात होती आणि तिघांच्या तोंडांवर येत होती. म्हाताऱ्यांचा हात टेबलावर होता, त्याची बोटं उगाच टेबलाच्या लाकडावरून गोल फिरत राहिली, जशी ताटाच्या काठावरून फिरावी तशी. तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

“ते ताट मी धुतलं होतं,” म्हातारे म्हणाले. “हिला धुऊ दिलं नाही.”

मग त्यांनी वर पाहिलं, आणि सरळ विचारलं, “उद्या ही जेवायला बसली असेल, आणि तुझी खरी घंटा वाजली. तर?”

सगळ्या केंद्राने सुसाटला पढवून ठेवलं असतं तर त्याने सांगितलं असतं, नाही जाणार काका, शक्यतो टाळीन काका. पण तो म्हणाला, “तर जाईन.”

“अरे, निदान खोटं तरी बोल!”

“तुमच्यापाशी नाही बोलवत. कोणाचं तरी घर पेटलेलं असतं हो. जाईन. पण वाटीतलं पातेल्यात टाकून जाईन.”

“बाबा,” ती म्हणाली. ती बोलायला लागली की शिवणयंत्रासारखी सरळ जायची, मधे थांबायची नाही. “ताटापाशी मी एकटी बसायची. तुम्ही आतल्या खोलीत जागे असायचात, मला ऐकू यायचं. पण तुम्ही बाहेर यायचा नाहीत, आणि मी आत यायची नाही. एक ताट आणि दोघं उपाशी. पातेलं असतं ना, तर तुम्ही बाहेर येऊन म्हणाला असतात, कुठवर आलाय ते बघू, तोवर मिळून थांबू. थांबायला मी भीत नाही. मला एकटीने थांबायचं नाही. आपण तिघं मिळून राहू.”

“तिघं?” म्हातारे कडवट हसले. “मी कुठला त्यात? तुम्ही इथे, मी तिथे. मी आपला माझ्या खोलीत, माझं मी...”

“कुठे?” सुसाट एकदम म्हणाला. “तुमची खोली मागची आहे ना!”

“कुठली मागची?”

“ही काय! खिडकीची. पलंग आणलाय. न्हाणीघरात हात धरायला दांडी ठोकलीय. खाली गादीवाला म्हणाला, वयस्कर माणूस असेल तर कडक गादी घ्या, ती घेतली.” त्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. “मी सांगितलं नव्हतं?”

“नाही!” दोघं एकाच वेळी म्हणाली.

“अहो, पण त्यात सांगायचं काय? पेटल्या घरात शिरलो की एका छपराखालची सगळी माणसं मोजायची, एकालाही मागे सोडायचं नाही. आमच्याकडे तर कोणी विचारतच नाही!”

म्हाताऱ्यांनी मान फिरवली. खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, पण तो बोर्ड त्यांनी चांगला वाचला. मग नाक पुसलं, डाव उचलला आणि स्वतःच्या वाटीत पास्ता वाढून घेतला. भरघोस. एक गोळा, चार नळ्या काट्यावर टोचून तोंडात घातल्या. चावल्या. ती दोघं श्वास रोखून बघत होती.

“मीठ जास्त झालंय,” ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. “जास्तच आहे.” आणि परत वाढून घेतलं.

सुसाटचा चेहरा उजळला तो असा, की ती मेणबत्ती परत पेटवायची गरजच राहिली नाही.

“तर मग,” म्हातारे घास गिळत म्हणाले, “माझी काही हरकत नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा. कधी, कुठे, काय ते ठरवा.” ते तिच्याकडे वळले. “काय पोरी, तुझं नक्की ना?”

तिने काटा खाली ठेवला. “माझं काय नक्की, बाबा? मला अजून कोणी विचारलेलंच नाही.”

“म्हणजे?”

“यांनी तुम्हाला विचारलं, दादांना विचारलं, घरमालकाला विचारलं असेल, गादीवाल्याला तर नक्कीच विचारलं. मला सोडून सगळ्यांना.”

म्हातारे सुसाटकडे बघत राहिले. “अरे, खरं की काय?”

सुसाटने मनातल्या मनात अख्खं वर्ष उलगडलं. बटणं आठवली, बाह्या आठवल्या, पाऊण तास दारात उभं राहून ‘बरंय मग, येतो’ म्हणणं आठवलं. विचारलेलं काही सापडेना. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी पोचणारा हा माणूस इथे एक वर्ष उशिरा आला होता. तो धडपडून उठायला लागला, एक गुडघा टेकायचा की हात जोडायचे त्याचं त्यालाच कळेना, आणि पाय खुर्चीत अडकलेले.

“ए!” म्हाताऱ्यांनी डाव टेबलावर आपटला. “उठायचं नाही! बसून विचार.”

तो धपकन बसला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदा ‘अहो’ सोडलं, आणि म्हणाला, “माझ्याबरोबर राहशील? म्हणजे, आमच्याबरोबर? लग्न करून?”

तिच्या तोंडात तेवढ्यात घास गेला होता. तिने बोट वर करून त्याला थांबवलं आणि चावत राहिली. सॉसेजचा गोळा बरोबर मिळाला होता, आणि तो घाईघाईने गिळायचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता. तो बघतोय, म्हातारे बघतायत, ती चावतेय. पुरतं चावून, पाण्याचा घोट घेऊन, ओठ पुसून मग ती म्हणाली, “हो. राहीन. आणि उद्यापासून बटणं तुमची तुम्ही शिवायची. मला आता कारण लागत नाही.”

“शिकवाल?” तो म्हणाला. परत ‘अहो’वर गेला, आणि मग तिघंही हसली. म्हाताऱ्यांचं हसू सगळ्यांत खोल होतं, वरच्या मजल्यावरच्या लोकांनासुद्धा ते ऐकू गेलं असेल.

हसता हसता म्हातारे अचानक थबकले. स्वतःच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, त्यांच्या तोंडावर खरीखुरी लाज पसरली.

“अरे देवा,” ते म्हणाले. “तुझं नाव न घेताच खाल्लं की मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

“आता घ्या, बाबा,” सुसाट म्हणाला.

आणि म्हाताऱ्यांनी रिकाम्या वाटीपुढे तसेच हात जोडले, डोळे मिटले, आणि आभाराचा सूर धरला. उंच नाही, खालचाच, पण भरलेला. ती त्यांच्या मागे गुणगुणायला लागली. सुसाटला शब्द येत नव्हते. त्याने नुसते डोळे मिटले आणि बसून राहिला.